तेकिनातीचं इंजिन

बाउरोचा संशयी स्वभाव साऱ्या गावाला पाठ होता. कुणी घरी मासळी पाठवली तर तो आधी ती उलटीपालटी करून बघायचा आणि मग पाठवणाऱ्याला आपल्याकडून काय हवं असेल याचा विचार करत बसायचा. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, तेव्हा बाउरोचा एक डोळा किलकिला असायचा. "आमचे हे देवावरसुद्धा नजर ठेवतात," असं त्याची बायको तेरेतिया चारचौघींत सांगायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

त्यामुळे निवडणूक आली तेव्हा दोन्ही उमेदवारांवर त्याचा सारखाच संशय होता.

पहिला काबुआती. बेटाचा जुना खासदार, दोनदा मंत्री झालेला, अनुभवी माणूस. कुणाचा आजा कुठल्या वादळात बुडाला, कुणाच्या घरची अळूची खाचरं कुठवर जातात, सगळं त्याच्या जिभेवर. राजधानी तारावाहून विमानानं यायचा तो अंगात विटका सदरा, पाय अनवाणी आणि मनगट मोकळं. घड्याळ तिकडच्या घरी काढून ठेवतो आणि मगच विमानात बसतो, असं लोक म्हणायचे, आणि म्हणताना त्याचं कौतुकच वाटायचं. कारण जवळ काही असलं की कुणीतरी मागणार. "मी तुझ्याकडे बुबुती करतो," असं म्हणून माणसानं तोंडावर एखादी वस्तू मागितली की ती द्यायची, एवढंच आपल्याला माहीत. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांना पुरते.

जे जवळ नाही ते मात्र काबुआतीकडे खुशाल मागावं. हो म्हणायला त्यानं कधी कंजुषी केली नाही. पंप देतो, टाकी देतो, पुढच्या जहाजानं येईल, असं तो इतक्या प्रेमानं सांगायचा की मागणाऱ्याला मिळाल्यासारखंच वाटायचं. गावच्या होडीसाठी इंजिन देतो, असंही तो मागच्या निवडणुकीत म्हणाला होता. त्याच्याही मागच्या निवडणुकीत म्हणाला होता.

हे इंजिन बाउरोच्या काळजात रुतून बसलं होतं. दवाखाना बेटानं वेढलेल्या आतल्या दर्याच्या पलीकडे. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला, रीनेला, कळा सुरू झाल्या तेव्हा वारा तोंडावर होता. बाउरो आणि जावई मिकाएरे हाताची सालटी निघेपर्यंत वल्हवत राहिले. पोचेपर्यंत उशीर झाला. रीने वाचली, मूल गेलं, आणि ते घरामागे पपईच्या झाडाखाली पुरलं. आता रीनेचे दिवस पुन्हा भरत आले होते. कोण निवडून यायचा तो येवो, तिच्या कळांच्या आधी गावात इंजिन हवं, याखेरीज बाउरोला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसरा उमेदवार तेकिनाती. सगळी जवानी परदेशी मालवाहू जहाजांवर काढून परतलेला खलाशी. आजी याच गावची, पण हा लहानपणीच गेलेला. राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि लोकांना नेमकं तेच आवडायचं. "हा नवा आहे, याचे हात स्वच्छ आहेत," असं तरणी पोरं म्हणायची.

"हात रिकामे आहेत, स्वच्छ नव्हे," बाउरो म्हणायचा.

ते खरंच होतं. तेकिनाती आला तेव्हा त्याच्याजवळ काळा चष्मा होता, चांगला सुरा होता, टोपी होती, पायात बूट होते. आठवडा गेला नाही तोच चष्मा पाद्र्याच्या नाकावर, सुरा कुणाच्या कमरेला आणि बूट फुटबॉलच्या मैदानावर दिसायला लागले. मागेल त्याला हा देत सुटला होता. उरली ती होडी आणि तिचं इंजिन.

"ज्याला स्वतःचे बूट सांभाळता येत नाहीत, तो आपला समुद्र काय सांभाळणार?" बाउरोनं तेरेतियाला विचारलं. "उद्या परक्या बोटवाल्यांनी हसून मासे मागितले तर म्हणेल, घ्या, बेटही घ्या."

"आणि काबुआती काय करेल?"

"तो आपल्याला हो म्हणेल, त्यांनाही हो म्हणेल आणि मधल्यामध्ये स्वतः जेवेल."

"मग मत कुणाला देणार?"

"बघू," बाउरो म्हणाला. बघू हा त्याचा आवडता शब्द होता.

एका सकाळी बाउरो माडी काढून माडावरून उतरत होता, तर खाली ताओआबा उभा. ताओआबा काबुआतीच्या बहिणीचा जावई, गावातला त्याचा माणूस. पोटभर हसायचा आणि कामाशिवाय कुणाच्या दारी जायचा नाही. बाउरो मुद्दाम सावकाश उतरला.

"रीने कशी आहे?" ताओआबानं विचारलं.

"आहे."

"मला आपलं वाईट वाटतं रे. पोरगी अशी अवघडलेली, होडीला इंजिन नाही. आणि तो तेकिनाती बघ, मस्त इंजिन लावून मतं मागत फिरतोय."

"काबुआतीनं दिलं असतं तर हीही होडी फिरली असती."

"अरे, ते तारावाला अडकलंय. पण मी काय म्हणतो, तू त्या खलाशाकडेच मागून टाक ना. मनेआबात, भर सभेत, सगळ्यांदेखत. तो नाही म्हणूच शकत नाही. तुझं काम होईल."

"माझं होईल. तुझं काय होईल?"

ताओआबा हसला. "माझं काय व्हायचंय! शेजारधर्म म्हणून सांगितलं."

तो गेल्यावर तेरेतियानं घरातूनच आवाज दिला, "गेल्या वर्षी पोर पुरलं तेव्हा हा शेजारधर्म कुठं पाणी भरत होता, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. काहीतरी शिजतंय हे बाउरोला कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. काबुआतीचा माणूस आपल्याला दुसऱ्याचं इंजिन का मिळवून देतो? दिवसभर तो जाळ्याची गाठ मारायचा आणि सोडायचा. मग रीने पाण्याची बादली घेऊन समोरून गेली, एक हात कमरेवर, पावलं फाकलेली. बाउरोनं जाळं खाली ठेवलं. संशय मोठा होता, पण गरज त्याहून मोठी होती.

मनेआबात प्रत्येक घराण्याचा खांब ठरलेला असायचा. त्या मोठ्या छपराखाली गाव जमलं तेव्हा तेकिनाती आपल्या आजीच्या घराची जागा सोडून पाहुण्यांच्या चटईवर बसला. आपली जागा कोणत्या खांबाशी हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. भाषण त्यानं बरं केलं. मग बाउरो आपल्या खांबाशी उभा राहिला.

"तेकिनाती, मी तुझ्याकडे बुबुती करतो. तुझ्या होडीचं इंजिन मला दे. माझ्या मुलीचे दिवस भरलेत."

मतदानाला थोडेच दिवस उरले होते आणि बेटाची अर्धी गावं पाण्यातूनच गाठायची होती. तेकिनातीनं रीनेकडे पाहिलं, मग बाउरोकडे.

"घ्या काका," तो म्हणाला.

सभा संपल्यावर त्यानं स्वतःच इंजिन काढलं, खांद्यावर घेतलं आणि बाउरोच्या घरी आणून ठेवलं. तेल कसं घालायचं, दोरी किती जोरानं ओढायची, तेही दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवरून प्रचाराला जायला लागला. सायकल दुसऱ्याची होती म्हणून तेवढी तरी टिकली.

बाउरोनं इंजिन तीनतीनदा तपासलं. कुठं तडा आहे का, आत वाळू आहे का, गळतंय का. इंजिन एकदम झकास होतं, आणि त्यामुळे त्याची झोप आणखी उडाली.

"आता ते कुशीत घेऊन झोपा," तेरेतिया म्हणाली.

"एवढं चांगलं इंजिन कुणी असं देतं?"

"तुम्ही मागितलंत, त्यानं दिलं. नसतं दिलं तर म्हणाला असतात, कवडीचुंबक आहे."

"म्हटलंच असतं."

"मग त्या बिचाऱ्यानं करायचं काय?"

याचं उत्तर दोन दिवसांनी ताओआबा घेऊन आला. या वेळी तो बसलासुद्धा, माडीचा पेलाही घेतला.

"बाउरो, एक लहानसं काम होतं. तारावाहून न्यायाधीश येणार आहेत. त्यांच्यापुढं एवढंच सांगायचं, की तेकिनातीनं तुला इंजिन दिलं. निवडणुकीच्या दिवसांत. मत मागायला आला असताना."

"त्यानं दिलं नाही. मी बुबुती केली."

"ते आपल्याला कळतं रे. कायद्याला कुठं बुबुती कळते? कायद्यात त्याला लाच म्हणतात. त्याचं नाव बाद होईल, बस. तुला काही होणार नाही, काबुआती बघून घेईल."

बाउरोच्या डोक्यात आत्ता लख्ख उजेड पडला. दिलं तर लाच, नाही दिलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. असा सापळा एखादा नवखा माणूस लावूच शकला नसता. आणि त्या सापळ्यात आमिष म्हणून रीनेचं पोट टांगलं होतं, ते टांगलं होतं खुद्द तिच्या बापानं. बाउरोला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं पेल्यातली माडी ओतून दिली. जन्मभर साऱ्या जगावर संशय घेतला, आणि ज्या दिवशी घ्यायला हवा होता त्याच दिवशी तो गिळून बसला.

"आणि इंजिन?" त्यानं विचारलं.

"ते पुरावा म्हणून तारावाच्या कोर्टात न्यावं लागेल. मग परत येईलच."

"कधी?"

ताओआबानं हात पसरले.

"माझी पाठ धरलीय," बाउरो म्हणाला. "मला कुठंच यायला जमायचं नाही."

पाठ धरली म्हटल्यावर ताओआबा गेला, पण त्या आठवड्यात काबुआती स्वतः आला. तोच विटका सदरा, तेच मोकळं मनगट. मनेआबात पुन्हा गाव जमलं. तेकिनातीही सायकल टाकून आला होता आणि या वेळी त्याला कुणीतरी आजीच्या खांबाशी बसवलं होतं. काबुआतीनं बाउरोच्या बापाची आठवण काढली. त्याच्यासारखा वल्हवणारा पुन्हा झाला नाही, असं म्हणताना त्याचे डोळे खरोखर ओले झाले. बाउरोलाही क्षणभर भरून आलं, मग स्वतःचाच राग आला.

"आणि आता बाउरो, माझ्या भावा," काबुआती हळूच म्हणाला, "गावात त्या इंजिनावरून कुजबुज चाललीय. गावाच्या नावाला डाग नको. मी तुझ्याकडे बुबुती करतो. ते इंजिन मला दे. मी ते साऱ्या बेटासाठी सांभाळीन."

किती सुरेख मागितलं! बाउरोच्या घराण्यात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. समोर म्हातारे बसले होते, मागं बायका, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या ओठांवर. त्यानं तेकिनातीकडे पाहिलं. तेकिनाती चटईची काडी उपटत होता.

तेवढ्यात मागून रीनेचा आवाज आला.

"बाबा, मी तुमच्याकडे बुबुती करते. इंजिन मला द्या."

"दिलं," बाउरो म्हणाला. इतक्या झटकन तो आयुष्यात काही बोलला नव्हता.

ताओआबा उसळला. "पहिली मागणी काबुआतीची होती!"

"पण त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. मी विचार करत होतो."

कुणीतरी फिसकन हसलं. काबुआतीही हसला. माणूस मुरलेला होता. तो बसल्या जागी वळला आणि बायकांच्या बाजूला तोंड करून म्हणाला, "बरं, पोरी. मग मी तुझ्याकडे मागतो. दे मला ते इंजिन."

"नाही," रीने म्हणाली.

असा शब्द त्या छपराखाली कुणी ऐकलेला नव्हता. एका म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला.

"ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगते. नाही." ती खांबाला धरून उभी राहिली होती. "मला लाज वाटेल म्हणता? माझं पोर पपईखाली आहे. त्याहून मोठी लाज मला कोण आणून देणार आहे? तुम्ही दोनदा हो म्हणालात, काका. तुमचं हो आम्ही वल्हवत वल्हवत दवाखान्यापर्यंत नेलं होतं."

तेरेतिया ढसाढसा रडायला लागली. बाउरोला पोरीच्या उद्धटपणाची भीती वाटली आणि त्याच वेळी छाती फुटेल असा अभिमानही वाटला. काबुआतीनं मान डोलावली. "शाब्बास," तो म्हणाला, "अशाच मुली बेटाला हव्यात." आणि असं बोलला, जणू हे सगळं त्यानंच घडवून आणलं होतं. हरल्याचं त्यानं कुणाला कळू दिलं नाही. खटल्याची गोष्ट मात्र त्यानंतर कुणी काढली नाही. त्या पोरीला न्यायाधीशापुढं उभं करायची कुणाची छाती नव्हती.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी रीनेला कळा सुरू झाल्या. वारा गेल्या वर्षीसारखाच तोंडावर. बाउरोनं दोरी ओढली, पुन्हा ओढली, हात घामानं निसटला. मिकाएरे धावत जाऊन तेकिनातीला बोलावून आला. त्यानं एका झटक्यात इंजिन चालू केलं आणि सुकाणू धरलं. गेल्या वर्षी ज्या पाण्यानं जीव खाल्ला होता, ते आता बघता बघता मागं गेलं. बाउरो रीनेचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तोंडानं प्रार्थना करत होता, दोन्ही डोळे मिटून.

मुलगी झाली. तिचा टाहो भिंतीपलीकडून ऐकू आला तेव्हा बाउरो दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

मग तोंड धुऊन तो किनाऱ्यावर आला. तेकिनाती इंजिन पुसत होता. उघडा, अनवाणी, अंगावर फक्त लुंगी. बाउरो त्याच्याशेजारी बसला. आभार मानायचे होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

"तेकिनाती, मी तुझ्याकडे बुबुती करतो. निवडून आलास तर आमच्या मिकाएरेला जहाजांच्या धक्क्यावरची मुकादमकी दे."

हे आपण त्याला जोखायला म्हणालो की खरंच हवं म्हणून, हे बाउरोलाही सांगता आलं नसतं. जावई रिकामा होता. आज त्यात एक तोंड वाढलं होतं. नोकरी मिळाली असती तर त्यानं नाकारली नसती.

तेकिनातीचा हात थांबला. त्यानं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं.

"नाही, काका," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"नाही. इंजिन माझं होतं, ते दिलं. धक्का माझा नाही. त्या कामाला तुमच्या मिकाएरेपेक्षा चांगली माणसं आहेत."

बाउरोच्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. पांढऱ्या केसांच्या माणसाला तोंडावर नाही! तेही आज! "कुणी शिकवलं तुला हे? रीनेनं?"

"शिकवलं नाही. ती बोलली तेव्हा मी बघत होतो, छप्पर काही पडलं नाही." तेकिनातीनं मान खाली घातली. "तुमच्या घरची मतं गेली ना?"

"गेली," बाउरो म्हणाला.

तेकिनातीनं इंजिनचं झाकण बसवलं आणि होडी पाण्यात ढकलली. बाउरो पुढच्या फळीवर, त्याच्याकडे पाठ करून बसला. राग त्याच्या मस्तकात ठणकत होता, आणि त्या रागाखाली, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, मन शांत झालं होतं. उद्याचं मत याच गाढवाला द्यायचं, हे त्यानं तिथंच ठरवलं. आणि हे याला जन्मात कळू द्यायचं नाही, हेही ठरवलं. नाही म्हटल्यानंसुद्धा मतं मिळतात हे याला एकदा का समजलं, की परवापासून हा मतांसाठी नाही म्हणत फिरेल.

"काका, फार राग आलाय का?" मागून तेकिनातीनं विचारलं.

"आलाय," बाउरो मागं न वळता म्हणाला. "तू इंजिन सुरू कर."